वरणाचं पाणी नको, वरण द्या

मी आपल्या भागातल्या बचत गटांची समन्वयक. बैठकीत आपण बहुतेक वेळा हप्ता, व्याज, शिलाई मशीन आणि शेळ्या यांवरच बोलतो. आज मी घरातल्या सगळ्यात लहान माणसाच्या वाटीबद्दल बोलणार आहे. सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतच्या लेकराला काय खायला घालायचं, किती वेळा घालायचं आणि आई रानात गेल्यावर ते कुणी घालायचं, एवढाच आजचा विषय.

याच वयाबद्दल का बोलायचं, ते आधी सांगते. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध पुरतं. वरचं पाणीसुद्धा लागत नाही, उन्हाळ्यातही नाही. सहा महिने पूर्ण झाले की मात्र नुसत्या दुधावर त्याचं भागत नाही. दूध दोन वर्षांपर्यंत आणि त्यापुढेही चालू ठेवायचंच, पण जोडीला अन्न लागतं. चांगलं पोसलेलं बाळ वर्षाचं होईपर्यंत जन्माच्या वजनाच्या साधारण तिप्पट होतं. एवढ्या वेगाने माणूस पुन्हा कधीच वाढत नाही. गर्भातले नऊ महिने आणि जन्मानंतरची दोन वर्षं मिळून साधारण हजार दिवस होतात. मेंदूची आणि उंचीची बरीचशी बांधणी या दिवसांत होते. इथं जे राहून गेलं, ते पुढं शाळेच्या वयात भरून काढणं फार अवघड जातं.

आणि नेमक्या याच दिवसांत आपल्याकडे काय होतं? बाळ सहा-सात महिन्यांचं होतं, बाळंतीण माहेराहून परत आलेली असते, खुरपणीचे नाहीतर काढणीचे दिवस असतात आणि आई कामाला लागते. सकाळी नऊला गेलेली बाई संध्याकाळी पाच-सहाला घरी येते. मधले आठ तास लेकरू आजीपाशी असतं, नाहीतर आठ-नऊ वर्षांच्या बहिणीपाशी.

आमच्या एका गटातल्या सदस्य ताईंचं उदाहरण देते. नाव सांगत नाही. सांगायची गरजही नाही, कारण असं घर प्रत्येक वाडीवर आहे. ताईंनी गटातून शेळ्यांसाठी कर्ज घेतलेलं, त्यामुळे रोजगार बुडवणं परवडत नव्हतं. मुलगी आठ महिन्यांची असताना अंगणवाडीत वजन भरलं सात किलो. अकराव्या महिन्यात भरलं सात किलो शंभर ग्रॅम. तीन महिन्यांत फक्त शंभर ग्रॅम! कार्डावरची रेघ अजून हिरव्या पट्ट्यातच होती, म्हणून घरी कुणी मनावर घेतलं नाही. अंगणवाडी ताईंनी बोट ठेवून दाखवलं, की रंग हिरवा आहे, पण रेघ वर चढायची थांबलीय. आडवी झालीय. असंच राहिलं तर लवकरच ती पिवळ्यात उतरणार.

मी आजींना विचारलं, "आजी, ही दिवसभर काय खाते?"

आजी म्हणाल्या, "अवो ताई, दिसभर खातीच की ती!"

आजी खोटं बोलत नव्हत्या. आम्ही दोघींनी बसून बोटांवर मोजलं. सकाळी चहात बुडवून दोन बिस्किटं. दहा वाजता वरणाचं पाणी, अर्धी वाटी. दुपारी दुकानातला पाच रुपयांचा पुडा. चार वाजता पुन्हा चहा. संध्याकाळी हातात भाकरीचा तुकडा, त्यातला निम्मा कोंबड्यांना. म्हणजे पोरीचं तोंड दिवसभर हलत होतं, पण अंगी लागेल असं पोटात फारसं काही जात नव्हतं.

मैत्रिणींनो, वरणाचं पाणी आपण मोठ्या मायेनं देतो. आता ते काय असतं बघा. डाळ शिजवल्यावर ती तळाशी बसते. वरचं निवळ आपण लेकराला देतो आणि तळची डाळ मोठी माणसं खातात. लेकराचं पोट केवढं, तर त्याच्या मुठीएवढं धरा. ते अर्ध्या वाटी पाण्यानं भरून गेलं की लेकरू मान फिरवतं. आपल्याला वाटतं, पोट भरलं. पोट भरलं खरं, पण पाण्यानं. भाताच्या पेजेचं, पातळ खिमटीचं, पाणी घातलेल्या दुधाचं तसंच. म्हणून आजची पहिली गोष्ट लक्षात ठेवा, वरणाचं पाणी नको, वरण द्या.

किती घट्ट द्यायचं? त्याची परीक्षा सोपी आहे. चमचा तिरपा करा. चमच्यातून धार लागून सांडलं, तर ते पातळ आहे. चमच्याला धरून राहिलं आणि हळूच घसरलं, तर बरोबर आहे. मूगडाळीची आसट खिचडी चांगली घोटून घ्या. वरण-भात, ज्वारीच्या कण्या, नाचणीची लापशी, दुधात नाहीतर वरणात भिजवून कुस्करलेली भाकरी, यातलं काहीही चालेल. त्यात एक छोटा चमचा तूप नाहीतर तेल घाला. लहान पोटात जास्त ताकद घालायची असेल तर तेल-तुपासारखं काही नाही. बाळाला तेलाने मालीश करतो ना, तसं थोडं तेल वाटीतही जाऊ द्या.

किती आणि किती वेळा, तेही सांगते. पाव लिटर पाणी मावेल अशी एक वाटी घरात शोधा. ती लेकराची वाटी. सहा महिने पूर्ण झाल्यावर दोन-तीन चमच्यांपासून, दिवसातून दोन वेळा सुरू करा आणि हळूहळू वाढवा. सात-आठ महिन्यांना अर्धी वाटी, दिवसातून दोन ते तीन वेळा. नऊ ते अकरा महिन्यांना अर्धी वाटी, तीन ते चार वेळा. या वयात फार घोटू नका, बोटाने कुस्करून द्या. मऊ शिजलेल्या बटाट्याचा, गाजराचा तुकडा त्याच्या हातात द्या. वर्ष झालं की पाऊण ते एक वाटी, तीन ते चार वेळा, आणि मधे एक-दोनदा केळं, लाडू असं काहीतरी. वर्षाचं लेकरू घरातलंच जेवतं. फक्त तिखट घालायच्या आधी त्याचं बाजूला काढायचं. वर्षाच्या आत वरून मीठ आणि साखरही लागत नाही.

आजी म्हणतील, "उष्टावण झालं नाही अजून, कसं घालू?" आजी, उष्टावण थाटात करा. मामा येऊ दे, चांदीच्या वाटीत खीर येऊ दे. मुहूर्त मामाच्या सवडीनं आठव्या महिन्यात निघाला तरी हरकत नाही. पण मधले दोन महिने लेकराला थांबवू नका. सहा महिने झाले की वरणभात सुरू.

आता वाटीत काय काय असावं? रोज वेगळं पक्वान्न कुणी करत नाही. चार गोष्टी ध्यानात ठेवल्या की झालं. एक, धान्य. दोन, डाळ नाहीतर कडधान्य. तीन, काहीतरी हिरवं किंवा पिवळं, म्हणजे पालक, राजगिरा, भोपळा, पपई. आपल्या बांधावर शेवगा असतो. त्याची कोवळी पानं वरणात शिजवून घोटा, पैसाही लागत नाही. चार, अंडं, मासा, मटण किंवा दूध-दही. ज्या घरात अंडं चालतं, तिथं सहा महिन्यांनंतर नीट उकडलेलं अंडं कुस्करून देता येतं, पिवळ्यासकट. "अंडं उष्ण पडतं", "केळ्यानं सर्दी होते" म्हणून लेकराच्या वाट्याचं काढून घेऊ नका. नवीन पदार्थ एका वेळी एकच द्या, दोन-तीन दिवस बघा, मग दुसरा. अंगावर पुरळ उठलं, तोंड सुजलं तर थांबा आणि दवाखान्यात दाखवा.

काय द्यायचं नाही, तेही ऐका. वर्ष होईपर्यंत मध नको, बोटाला लावून चाटवायलाही नको. मधात कधी कधी असे जंतू असतात, की तान्ह्याच्या पोटात त्यांचं विष तयार होऊन बाळ लुळं पडू शकतं. चहा नको. चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही आणि आपली लेकरं आधीच रक्तानं कमी. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, बोरं, अख्खी द्राक्षं नकोत, ती घशात अडकतात. शेंगदाणे भाजून बारीक कूट करून द्या, द्राक्षं उभी चिरून द्या. आणि दुधाची बाटली नको. तिचं बूच आतून नीट धुतलं जात नाही आणि जुलाब तिथूनच सुरू होतात. वाटी-चमचा बरा.

आता पुड्याचा हिशोब करू. आपण बचत गटाच्या बायका, हिशोबाला पक्क्या. पाच रुपयांचे दोन पुडे रोज धरले, तर महिन्याचे तीनशे रुपये झाले. आपल्या कितीतरी गटांची महिन्याची बचत शंभर रुपये आहे. म्हणजे बचतीच्या तिप्पट रक्कम आपण मीठ, तेल आणि हवेवर घालवतो. रोजच्या त्याच दहा रुपयांत लेकराला एक अंडं नाहीतर दोन केळी येतात. शिवाय पुडा खाल्लेलं लेकरू जेवायला तोंड उघडत नाही, ते वेगळंच.

आता खरी अडचण. तुम्ही म्हणाल, "ताई, हे सगळं बरोबर, पण मी घरी नसते." ही अडचण खरी आहे, आणि रोजगार सोडा असं मी कुणालाही सांगणार नाही. सकाळी सातला केलेली खिचडी उन्हाळ्यात दुपारी दोनला द्यायची नाही. शिजलेलं अन्न उन्हाच्या दिवसांत दोन तासांच्या वर ठेवून लेकराला देऊ नये. मग करायचं काय?

त्या आजींच्या घरी आम्ही कोरडं पीठ करून ठेवलं. तुम्हीही लिहून घ्या. दोन वाट्या ज्वारी, नाचणी किंवा तांदूळ. एक वाटी मूगडाळ. अर्धी वाटी शेंगदाणे. सगळं वेगवेगळं मंद आचेवर खमंग भाजायचं आणि शेंगदाण्याची साल काढायची. धान्य आणि डाळ गिरणीतून किंवा मिक्सरवर बारीक दळायची. शेंगदाण्याचं कूट वेगळ्या डब्यात ठेवायचं, कारण तेल सुटून पीठ खवट होतं. पंधरा दिवसांपुरतंच करायचं आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचं. दुपारी आजीनं दोन-तीन मोठे चमचे पीठ पाण्यात कालवून पाच-सात मिनिटं शिजवायचं, वरून चमचाभर कूट आणि चमचाभर तेल घालायचं. लापशी तयार. एकदा दळून ठेवलं की आजीला दुपारी चुलीपुढं तासभर बसावं लागत नाही. अंगणवाडीतून घरी मिळणारा आहारही असाच वापरा. तो लेकराच्या नावावर येतो. घरातल्या सगळ्यांत वाटून संपवू नका.

दुधाचंही सांगते. कामाला जाताना निघायच्या अगदी आधी पाजा, आल्याबरोबर पाजा, रात्रभर पाजा. लेकरू लहान असेल तर सकाळी हात धुऊन, उकळून घेतलेल्या स्टीलच्या वाटीत दूध पिळून झाकून गार जागी ठेवा. साधारण चार तासांच्या आत ते वाटी-चमच्यानं पाजायचं. उन्हाळ्यात त्याहून लवकर.

आता दुसरी गोष्ट. वाटी भरली, पण भरवायला समोर माणूस नसेल तर ती तशीच राहते. वर्षाच्या लेकरापुढं ताटली सरकवून आपण कामाला लागलो तर ते दोन घास खातं, चार सांडतं आणि उठून जातं. त्याच्यासमोर बसावं लागतं. वीस-पंचवीस मिनिटं लागतात. त्याच्याशी बोलायचं, काऊचा घास, चिऊचा घास करायचं, त्याला वाटीत हात घालू द्यायचा. जबरदस्तीनं नाक दाबून भरवायचं नाही, आणि मोबाईल पुढं धरूनही नाही. मोबाईल बघणाऱ्या लेकराला पोट भरलं की नाही तेच कळत नाही. पहिले काही दिवस ते जिभेनं बाहेर ढकलतं. नावडलं म्हणून नाही, गिळायची सवय अजून व्हायची असते. आज नको म्हटलं तर परवा पुन्हा द्या. आठ-दहा वेळा दिल्यावर घेतं.

समोर बसणारं हे माणूस आईच असलं पाहिजे असं नाही. दादांनो, हे तुमच्यासाठी. संध्याकाळी बायको रानातून येते, चूल पेटवते, भाकरी थापते. त्या अर्ध्या तासात लेकराला मांडीवर घेऊन चार घास भरवले तर भाकरीही वेळेवर होते आणि लेकराचं पोटही भरतं. आणि आठ-नऊ वर्षांच्या पोरीवर दिवसभराचं लेकरू टाकू नका. तिची शाळा बुडते आणि धाकट्याचंही नीट होत नाही. गटातल्या दोन-तीन घरांनी मिळून ठरवलं, तर एका आजीकडे दोन लेकरं जेवू शकतात आणि दुसऱ्या आजीला त्या दिवशी उसंत मिळते.

आजींनो, तुमच्याशी वेगळं बोलते. तुम्ही म्हणता, "आम्ही नाही का सात-आठ वाढवली?" वाढवलीत, कष्टानं वाढवलीत. पण किती जन्मली आणि किती राहिली, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक आहे? आता एक-दोनच होतात. ती सगळी राहावीत आणि धडधाकट व्हावीत. कण्या शिजवाव्या तुम्हीच, लाडू वळावे तुम्हीच. फक्त चहाच्या बशीऐवजी लापशीची वाटी घ्या.

लेकरू आजारी पडलं तर खाणं बंद करायचं नाही. दूध जास्त वेळा पाजा, मऊ अन्न थोडं थोडं द्या. बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्तीचं द्या, म्हणजे गेलेलं वजन भरून येतं. जुलाब लागले तर आशाताईंकडून ओआरएसची पुडी घ्या. अख्खी पुडी एक लिटर पाण्यात घाला, अर्धी करू नका. पाणी उकळून गार केलेलं असावं. दोन वर्षांच्या आतल्या लेकराला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, चमच्या-चमच्यानं. केलेलं पाणी २४ तासांत संपवा, उरलेलं फेकून द्या. झिंकच्या गोळ्या १४ दिवस पूर्ण द्या, जुलाब थांबले तरी. आणि डोळे खोल गेले, लेकरू मलूल पडलं, दूध ओढेना, शौचात रक्त दिसलं, तर वाट बघू नका. सरळ दवाखाना, नाहीतर १०८ ला फोन.

वजनासाठी दर महिन्याला अंगणवाडीत जा आणि कार्डावरची रेघ स्वतःच्या डोळ्यांनी बघा. वर चढतेय का? आडवी झाली तर त्याच दिवशी विचारा. दंडाला बांधायची कागदी पट्टीही तिथं असते. सहा महिन्यांपासून पुढच्या लेकराचा दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली, म्हणजे लाल भागात आला, तर ते तीव्र कुपोषण आहे. तेव्हा घरगुती उपाय करत बसायचं नाही, दवाखान्यात न्यायचं.

त्या मुलीचं काय झालं, ते विचाराल. आजींनी लापशीची वाटी धरली, घरातला पुडा बंद झाला, संध्याकाळचं भरवणं वडिलांकडे आलं. तेराव्या महिन्यात वजन भरलं सात किलो आठशे. अजून वाढायला हवंय, पण रेघ वर वळली. ताईंनी रोजगार सोडला नाही आणि कर्जाचा हप्ताही चुकला नाही.

आता एक काम सांगते. आपल्या बैठकीच्या वहीत आपण बचत लिहितो, कर्ज लिहितो, दंड लिहितो. येत्या बैठकीपासून वहीच्या शेवटच्या पानावर गटातल्या दोन वर्षांच्या आतल्या प्रत्येक लेकराचं वजन लिहा. बैठकीत ते मोठ्यानं वाचा. एका लेकराचं वजन दोन महिने हललं नाही, तर त्या ताईंना बोल लावू नका. दुपारी त्याच्यासमोर कोण बसतं, एवढं विचारा. कुणी बसत नसेल, तर गटातून कोण बसेल ते तिथंच ठरवा.

आणि आज रात्री डाळ शिजली की डाव तळापर्यंत घाला. पहिली वाटी लेकराची.